शांतीचा अंगठा

४, सोम.
शांती भांड्यांना उशिरा आली, तीही रडत. राशन दुकानात मशीनवर तिचा अंगठाच लागेना. कोटेदार (इथं लखनौत राशन दुकानदाराला हेच म्हणतात) म्हणे, रेषा घासल्यात, फोनवर ओटीपी मागव. फोन नवऱ्याचा, नवरा सुरतेला, फोन बंद. घरात चार तोंडं, डब्यात पीठ संपत आलेलं. रेषा गेल्या कुठं? माझ्या कढयांना! फार लाज वाटली.

५, मंगळ.
फर्मान काढलं. राशन मिळेपर्यंत शांतीनं पाण्यात हात घालायचा नाही. पगार पूर्ण. ती खुर्चीत बसून अंगठ्याला खोबरेल चोळणार, भांडी मी घासणार.
हे (रेल्वेत इंजिनियर, घरात पाहुणे) म्हणाले, "त्यापेक्षा पीठ आणून देतो की." आणलंही. शांतीनं घेतलं, पण म्हणाली, "साहब, अगले महीने? और कार्ड कट गया तो?" (राशन उचललं नाही तर कार्ड रद्द करतात म्हणे.) यांनी पेपर उघडला.

८, शुक्र.
बाईसाहेबांना खुर्ची मानवली. "दीदी, कुकर का किनारा रह गया." काय ऐट! यांना हसून ठसका लागला. साताऱ्याला आईला फोन केला तर ती म्हणते, "लखनौला नबाब व्हायचं सोडून मोलकरीण झालीस?" कंबर मोडली माझी.

११, सोम.
दोघी निशातगंजच्या राशन दुकानात. अंगठा लागला!! रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी तर तिला मिठीच मारली. कोटेदार शांतपणे, "गेहूँ खत्म. चावल भी. गाड़ी आएगी, तब फिर अँगूठा लगाना."
कधी येणार? "आ जाएगी."
अरे मेल्या! गहू होता तेव्हा अंगठा नव्हता, आता अंगठा आहे तर गहू नाही. दात आहेत तर चणे नाहीत, दुसरं काय. शांतीनं घरी येऊन पुन्हा खोबरेलाची बाटली घेतली.

१५, शुक्र.
गाडी नाही. यांनी आणलेलं पीठही संपत आलं असणार, ती सांगत नाही. आज निघताना पिठाचा डबा भरून दिला. खाली मान घालून नेला तिनं. मला रडू आलं.

१८, सोम.
गाडी नाही. सकाळपासून माझा फोन माझा अंगठा ओळखेना. पुसला, पुन्हा लावला. नाहीच. शांतीनं माझा हात उजेडात धरला, "हाय दीदी, आपका भी गया!" आणि बाटली माझ्यापुढे सरकवली.
आता दोघी खुर्च्यांत. मोरीत भांड्यांचा ढीग. हे पेपर वाचताहेत. दोघींनी एकदमच यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. रेषा कशा ठसठशीत आहेत!