करड्या कोटातली पाठ

२ नोव्हेंबर, रविवार

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. तो खरंच चढू देतो की नाही हे तू रोज दोनदा तपासून बघतेस, हे वाचून मात्र वाटलं नाही.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या मालिकेच्या त्या भागात करडा कोट घालून पाठमोरी चालत जाते ती एक नटी आहे. ते खरं नाही. नटी त्या दिवशी आलीच नाही. ती चालणारी मी आहे. तू लिहिलंस, "ती मुलगी वळताना मान मागे करते ना, तिथे मला उगाच भरून आलं. ओळखीची वाटली." उगाच नव्हतं, आत्या. पोक काढू नकोस म्हणून तू वर्षानुवर्षं जिच्यावर थोपटत होतीस, तीच ती पाठ.

मला खोटं लिहायचं नव्हतं. नटी असं लिहिलं की पुढचं काही लिहावं लागत नव्हतं, एवढंच. आता लिहावं लागणार आहे. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने जोडतेस, म्हणून पत्रच.

शेजारच्या काकूंना तू माझं काम सांगतेस ते असं, "आमची ही टीव्हीत चुका काढते." अगदी तेच आहे. एका दृश्यात पेला अर्धा असेल तर लगेच पुढच्यात भरलेला चालत नाही. बॅग डाव्या खांद्यावर असेल तर ती डाव्याच खांद्यावर राहायला हवी. एकाला एक जुळतं की नाही हे बघत बसायचं. बाबांच्या बदल्यांमुळे मला चौथीपर्यंत शाळा नव्हती, तूच होतीस, आणि मी काहीही सांगायला लागले की तू सुई थांबवून विचारायचीस, "पाहिलंस की वाटलं?" या नोकरीच्या मुलाखतीला मला यापेक्षा जास्त काही येत नव्हतं.

आमच्या मालिकेत मात्र जे कोणी पाहिलेलं नाही तेच दाखवायचं असतं. ज्याचं उत्तर नाही अशी एक घटना दर आठवड्याला. तळ्यावरचे दिवे झाले, आपोआप वाजणारी घंटा झाली. "उत्तर सापडलं की भाग पडला," असं आमचे दिग्दर्शक म्हणतात. सगळे हसतात, मीही हसायचे.

त्याच भागातली ती शिवणकाम करणारी बाई तुला आठवत असेल, जिची मुलगी अकरा वर्षांपूर्वी सकाळी बॅग घेऊन घरातून गेली आणि परत आली नाही. मी तिला मावशी म्हणायला लागले होते. मावशींचं घर रस्त्याच्या तोंडाशी आहे, तळमजल्यावर. दारातून उजवीकडे गेलं की बेकरी आणि पुढे बसस्थानक. डावीकडे उतार आणि खाली नदी. मुलीला जाताना पाहिलं ते एकट्या मावशींनी, मशीनवर बसल्या बसल्या, खिडकीतून.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी त्यांची मुलाखत घेतली. आवाज घेणारा आमचा माणूस, त्याला सगळे कानसेन म्हणतात, तो आणि मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो होतो. मावशी कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघून सांगत होत्या, "उजवीकडे गेली. बेकरीच्या कोपऱ्यावर थांबली, बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मला वाटलं पाव घ्यायला थांबली. मग गेली." तुझी शपथ, आत्या, हे मी ऐकलं. वाटलं नाही.

मशीनच त्यांनी त्या खिडकीशी ठेवलं होतं, बेकरीकडे तोंड करून. बस आली की पाय थांबायचा. प्रवासी उतरून पांगले की पुन्हा चालू. आम्ही बसलो होतो तेवढ्यातही दोनदा थांबला.

दुसऱ्या दिवशी ती चालत जाते ते दृश्य घ्यायचं होतं. मुलीच्या कोटाचं उरलेलं कापड मावशींनी जपून ठेवलेलं, त्याचाच त्यांनी कपडेपटासाठी तसाच कोट शिवला होता. नटी आली नाही म्हटल्यावर दिग्दर्शकांनी मला उभं करून बघितलं आणि म्हणाले, उंची बरोबर आहे. कोट खांद्यावर सैल पडत होता. मावशींनी तो माझ्या अंगावरच टाचला. तोंडात टाचण्या धरून त्या माझ्याभोवती फिरत होत्या आणि टाचण्यांमधूनच म्हणाल्या, "अशीच जरा वाकून चालायची. कितीदा सांगितलं." मी ताठ उभी राहिले, तुझ्या धाकाने. त्यांनी माझी पाठ हाताने हलकेच पुढे दाबली. मग मी वाकून चालले.

डावीकडे चालले.

उजवीकडे बेकरीशेजारी आता मोबाइलचं दुकान झालं आहे, त्याची पाटी दिवसाही पेटलेली असते. अकरा वर्षांपूर्वीचा रस्ता तो वाटला नसता. डावीकडे जुनी भिंत, उतार आणि नदीवरचं धुकं. मी दिग्दर्शकांना म्हटलं, मावशी उजवीकडे म्हणाल्या होत्या. हळूच म्हटलं. ते म्हणाले, "अगं, पाठच तर दाखवायची आहे. पाठ डावीकडेही पाठच असते. आणि खाली लिहितोच ना आपण, नाट्यरूपांतर म्हणून." खाली लिहितो हे खरं आहे. तुला ते दिसलं का गं? तू चष्मा लावून बघत होतीस, तरी तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

चार वेळा चालले. चारही वेळा मावशी खिडकीत उभ्या होत्या. त्यांना आत बसवावं हे कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं, मी बोलले नाही. चौथ्या वेळी उताराच्या वळणावर पोचल्यावर मला राहवलं नाही, त्या ठीक आहेत का हे बघायला मी मान वळवली. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण दिग्दर्शक खूश झाले. तेच ठेवलं. तुला भरून आलं ते तिथेच.

आता जे लिहिते ते मी कानसेनलासुद्धा सांगितलेलं नाही. संकलन चालू होतं तेव्हा मी संकलकाशेजारी बसले होते. पडद्यावर मी डावीकडे वळत होते आणि वरून मावशींचा आवाज येत होता, उजवीकडे गेली. संकलकाच्या लक्षातही आलं नव्हतं, तो चहा पीत होता. मीच त्याला थांबवलं. मीच म्हटलं, हे जुळत नाही. तो म्हणाला, मग काय काढू? चित्र खोटं होतं आणि वाक्य खरं होतं. चित्र काढलं तर पुन्हा चित्रीकरण, पुन्हा परवानगी, पुन्हा सगळ्यांची तोंडं. मी म्हटलं, वाक्य काढ.

त्याने काढलं. इतकं सफाईने, की मावशी मध्ये श्वास घेतात असंच वाटतं. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, आत्या. चूक पकडल्याचं.

तू लिहिलंस, "बिचारी नदीकडे गेली, पण आईला निदान कळलं तरी." हे वाक्य वाचलं आणि पत्र तसंच ठेवून दिलं. कारण त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मावशींचा फोन येऊन गेला होता. त्यांनी आभार मानायला फोन केला होता. घर सोडते आहे म्हणाल्या, पंधरा तारखेला, मुलाकडे राहायला. मशीन विकलं. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "आता कुणाची वाट बघू? नदीकडेच वळली ती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, पण इतकी वर्षं मन घेत नव्हतं. तुमचं बघितलं आणि सगळं आठवलं."

मी म्हटलं, मावशी, तुम्ही मला उजवीकडे सांगितलं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, असं कसं सांगेन?

दुसऱ्या दिवशी मी कानसेनला गाठलं. मूळ ध्वनिमुद्रण पुसून त्यावर पुढच्या भागाचं काम सुरू झालं होतं, ते नेहमीच तसं होतं. त्याला विचारलं, तुला आठवतं का, कुठे म्हणाल्या होत्या? त्याने कानावरचं काढून गळ्यात अडकवलं आणि म्हणाला, "उजवीकडे. पाव, बॅग, सगळं आठवतं. पण तू आता तिकडे जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू स्वतःच्या सावलीचीही माफी मागशील." दिग्दर्शकांनाही सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. पेन फिरवत म्हणाले, भाग दाखवून झाला, आता काय करणार.

मग मी मावशींना फोन केला तर तो त्यांच्या मुलाने घेतला. सामान बांधायला आला होता. मी कोण ते सांगितलं, आणि धाप लागल्यासारखं सगळं सांगून टाकलं, पाटी, भिंत, डावीकडे. मला वाटलं तो चिडेल. तो फोन घेऊन बाहेर आला असावा, कारण मागे रस्ता ऐकू यायला लागला. म्हणाला, "मला माहीत आहे. आई अकरा वर्षं मला उजवीकडेच सांगत आली. पण डावीकडे म्हणायला लागल्यापासून ती झोपते. पोटभर जेवते. माझ्याकडे यायला कधी तयार नव्हती, पोरगी परत आली आणि दाराला कुलूप दिसलं तर, म्हणायची. आता स्वतःहून भांडी बांधते आहे."

 मग तो म्हणाला, "आणि उजवीकडे जाऊन तरी ती कुठे परत आली?"

आत्या, मी फोन ठेवून दिला. तीन दिवस मी ठरवून टाकलं होतं की गप्प बसायचं. तो मुलगा आहे, मी कोण? एका बाईला झोप लागते आहे, ती माझ्या प्रामाणिकपणाच्या हौसेपायी मोडायची? तूसुद्धा हेच म्हणशील असं मला वाटतं. जाऊ दे गं, म्हणशील, सगळ्याच गाठी सोडवायच्या नसतात.

पण मावशींच्या फोनमधलं एक राहिलं आहे. ते मी त्यांच्या मुलाला सांगू शकले नाही, आणि त्यांनीही त्याला सांगितलेलं नसणार. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या होत्या, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात, "वळताना तिनं माझ्याकडे बघितलं गं पोरी. मान वळवून बघितलं. हे मी पार विसरले होते. तेव्हा मी हाक मारली असती तर आली असती मागे. मशीन चालू होतं, मी नुसती बघत राहिले."

तिने बघितलं नव्हतं, आत्या. मी बघितलं होतं.

मुलाखतीत मान वळवल्याचा शब्दही नव्हता. पाव होता, बॅग होती. ती मुलगी मागे न बघता गेली, हाक मारावी असा क्षणच तिने आईला दिला नाही. तो मी दिला. मावशी रात्री झोपत असतील, पण दिवसा ते बरोबर घेऊन फिरतात, आणि मुलाकडेही बरोबर नेतील. वाट बघण्याची सवय निदान त्यांची स्वतःची होती. हा दोष तर त्यांचा नाहीच, माझा आहे, आणि तो मी त्यांच्या अंगावर असा बेतून बसवला आहे की त्यांना कुठे टोचतसुद्धा नाही.

मी त्यांना उजवीकडे परत मिळवून देऊ शकेन असं मला वाटत नाही. त्या मला पुन्हा हसतील, किंवा दार लावून घेतील. मुलगा तर नक्कीच बोलेल, आणि त्याचं चुकणार नाही. घर सोडू नका असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. कोट माझ्याकडेच आहे, कपडेपटाने परत मागितला नाही. तो घालून मी त्यांच्या दारातून डावीकडे उताराच्या त्या वळणापर्यंत जाईन, जशी गेले होते तशी, आणि मान वळवून दाखवीन. म्हणजे कुणी बघितलं ते त्यांना चेहऱ्यासकट दिसेल. एवढंच मला येतं. त्यानंतर काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते त्यांनी ठरवावं.

हे पत्र मी उद्या टाकते आहे. टपालाचा हिशेब केला, तुझं उत्तर मी जाण्याआधी येऊ शकत नाही. ते मी मुद्दाम तसं जुळवलं आहे, कारण तू जाऊ नकोस म्हणालीस तर मी जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

जिना दिवसातून एकदाच चढ.

येत्या शनिवारी, आठ तारखेला, सकाळच्या पहिल्या बसने जाऊन बेकरीच्या कोपऱ्यावर उतरणारी,

तुझीच,
शंकासूर