अक्कांनी सोडलेल्या जागा

बनशंकरी, गुरुवार, १९९९

म्हैसूरला जाणार होतो, राहिलंच. शेजारच्या सुमित्राअक्कांना अमेरिकेतल्या मुलाशी बोलायचं होतं. फोन परवडत नाही. इंटरनेट कॅफेतल्या कॉम्प्युटरवरून बोलता येतं, पण सरकारी फोनचा धंदा बुडेल म्हणून त्याला मनाई. कॅफेच्या अण्णांनी तर माइक बिस्किटांच्या डब्यात लपवलाय. म्हणाले, "परवाना जाईल माझा."

मी म्हटलं, "अण्णा, मनाई बोलायला आहे, पत्राला नाही. अक्कांचा आवाज रेकॉर्ड करू, ईमेलनं पाठवू." नियम करणाऱ्यांना हे सुचलंच नाही? की त्यांची मुलं इथंच असतात?

डबा उघडला. अक्का माइकला म्हणाल्या, "जेवलास काय रे?" आणि थांबल्या. चांगल्या थांबल्या. मग, "थंडी हाय काय तिकडं?" परत थांबल्या, मान हलवत.

नंतर अण्णा म्हणाले, "मधल्या रिकाम्या जागा काप रे. फाइल स्वल्प लहान होईल, लवकर जाईल."

कापता येतात मला. नाही कापल्या. फाइल जायला तास लागला, लागू दे. तो ऐकेल तेव्हा त्या जागांत उत्तर देणारच, खोलीत एकटा असला तरी.