फ्लॉपी क्रमांक सोळा

मंगळवार, ३ मार्च २०२६. मंगरूळपीर.
‘हरीओम गुरुजी सोमवारी आले,’ असे मुकेशने नोंदवहीत लिहिले आहे. ते चूक आहे. मी आज, मंगळवारी, सकाळच्या एसटीने आसेगावहून आलो. निवृत्तीनंतर काम मिळाल्याचा आनंद आहे. मुकेशचे दिवंगत बंधू नथ्थू १९९४ साली येथे संगणकवर्ग चालवीत. त्यांच्या फ्लॉप्यांच्या हुबेहूब प्रती, म्हणजे ‘इमेज’, एका संग्राहकासाठी करावयाच्या आहेत. मुकेशची कन्या रुचिका यंत्र चालवते. नावे व तारखा मी तपासतो. जुन्या डॉस संगणकप्रणालीचा फाइलनावांचा नियम मला आवडला: आठ रोमन अक्षरांपर्यंत नाव, टिंब, मग तीन अक्षरे. शिस्त म्हणतात ती हीच.

गुरुवार, ५ मार्च.
सोळाव्या फ्लॉपीत AVADABAI.TXT सापडली. आत काहीच नाही. तारीख मात्र १२ मार्च २०२६, वेळ नऊ चाळीस. नथ्थू १९९५ मध्येच वारले. ‘त्यांच्या यंत्राचे घड्याळ बिघडलेले असावे,’ अशी टीप मी जोडली. चहा आणणाऱ्या आवडाबाईंना ते नाव दाखवले. त्या हसल्या.
“माह्यं नाव कम्प्युटरात? पोरायले सांगतो, माय फेमस झाली.”

गुरुवार, १२ मार्च.
आवडाबाई बसस्थानकावर कोसळल्या. गेल्या. डॉक्टरांच्या कागदावर वेळ नऊ चाळीस.
माझी टीप मी खोडली.

शुक्रवार, १३ मार्च.
यादीतील पुढची फाइल RUCHIKA.TXT. १७ मार्च २०२६, अकरा बत्तीस. नथ्थू वारले तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती. मुकेश म्हणाला, योगायोग आहे. शिवाय इमेज जराही बदलली तर संग्राहक ती घेणार नाही. तो गेल्यावर रुचिका हळूच म्हणाली,
“गुरुजी, बाबाले नका इचारू. तुमी तारीख बदलून टाका.”

सोमवार, १६ मार्च.
बदलली. २०२६ चे २०६६ केले. इमेज फ्लॉपीवर परत उतरवली. रुचिका समाधानाने घरी गेली. मग मी यादी पुन्हा वाचली.
तिच्या नावाखाली नवी फाइल. HARIOM.TXT. १७ मार्च २०२६. अकरा बत्तीस.
न बदललेली जुनी प्रत फ्लॉपीवर परत उतरवली, तर माझे नाव पुसले जाईल. पण मग ती—
नाही.

मंगळवार, १७ मार्च.
जुनी प्रत पुसून टाकली. आतून कडी लावली. मुकेश दार वाजवतो आहे. रुचिका त्याच्यामागे रडते आहे, म्हणजे ती जिवंत आहे. कोणी काही बदलू नये, म्हणून तारखा नीट लिहून ठेवतो:

आवडाबाई: १२ मार्च २०२६. बरोबर.
रुचिका: १७ मार्च २०२६ नव्हे; १७ मार्च २०६६.
हरीओम: १७ मार्च २०२६. तारीख बरोबर. वेळ मात्र अकरा बत्तीस नव्हे, अकरा एकती—