बिशपसायबापुढं पाण्याचा तांब्या

रा. रा. हैबतीराव पाव्हणं, मुक्काम वेल्हे, यांना आंबवड्याहून गेनबाचा रामराम. हितं समदं ठीक. तुमची गुडघेदुखी उतरली असंल; नसंल तर एरंडाचं पान गरम करून बांधा.

पत्रास कारण की, मी गेल्या आठवड्यात पुण्याला किरिस्तावांच्या देवळात जाऊन आलो. भोरच्या मोटारीवरचा डायव्हर आंतोन (लढाईत माझ्यासंगं व्हता तो), त्याचा एकुलता पोरगा पास्कल पाद्री व्हायचा व्हता. पाद्री झाला की लगीन न्हाई, लेकरंबाळं न्हाई. आंतोनला जेवण जाईना. मला म्हणाला, "गेनबा, तू शेजारी बस. मी उठून पळालो तर धर."

पास्कल धरून तिघं पोरं पांढऱ्या कपड्यांत आली आन् बिशपसायबापुढं (हा त्यांच्यातला मोठा पाद्री, डोक्यावर उंच टोपी) पालथी पडली. रातीपासून उपाशी, म्या म्हणलं, भोवळ आली. आन् बाकीची मंडळी निवांत गात व्हती. पाव्हणं, माणूस पडल्यावर गप बसणाऱ्यातला मी न्हाई. वाटंसाठी नेल्याला तांब्या उचलला, कठडा वलांडला आन् पास्कलच्या मानंवर निम्मा वतला. पोरगं शहारलं, पर उठलं न्हाई. तवा तर माझं काळीजच गेलं. उरल्यालं पाणीबी वतलं.

आंतोननं मला धोतराला धरून मागं आणलं. कानात म्हणाला, "आरं, ते देवापुढं लोटांगण हाय." आता लोटांगण आपल्याला नवं न्हाई, पर आधी सांगायला नगं व्हय?

मंग बिशपसायबानं एकेकाच्या डोक्यावर हात ठिवले. तोंडातनं शबूद न्हाई. आंतोन कुजबुजला, की येशूनं प्रेषितांना (म्हंजे त्याच्या पहिल्या चेल्यांना) अधिकार दिला, त्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर हात ठिवून बिशप केलं, आन् असा एका डोक्यावरनं दुसऱ्या डोक्यावर दोन हजार वर्सं हात चालत आलाय. ऐकून मला घाम फुटला. येवढ्या वर्सांत मधी पडणारा मीच निघालो.

पुढं पोरांच्या तळव्यांना तेल लावून हात फडक्यानं बांधले. (काय गुन्हा केला, ह्ये म्या इचारलं न्हाई. माझे हात मांडीखाली दाबून बसलो.) येवढ्यात आंतोन उठला. म्या त्याला गच्च धरला. पर तो पळत नव्हता, पाव्हणं. डोळं भरून आल्यानं पोरगा दिसंना, म्हणून उभा ऱ्हात व्हता.

भाईर आल्यावर पास्कलनं पहिला आशीर्वाद आईला दिला, दुसरा बापाला, तिसरा मला. म्हणाला, "काका, आत लई उकडत व्हतं. बरं वाटलं."

घरातल्या थोरांना दंडवत, लहानांना माझी याद सांगा.

तुमचा,
गेनबा

ता. क. तुमची बहीण सगुणाबाई रुसून तिकडं आल्याला दोन महिनं झालं. भांडण कशावरनं झालं ते मला आठवत न्हाई, तिला आठवत असंल. ह्ये पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा. हसली, तर शुक्रवारी कापूरहोळला आणून सोडा. न्हाई हसली, तर तिनं नेल्याली शेळी तेवढी धाडा.

आणखी ता. क. शेळी ऱ्हाऊ द्या, तिला चहाला दूध लागतंय. कापूरहोळला मात्र मी शुक्रवारी उभा हाय. हसली नसली तरीबी.