पुढचे दोन खांब

लोमा बोनिता,
३ फेब्रुवारी १९८०

ती. ओर्फेलिनाताईस,
कासिमिरोचा शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर येऊन गेले. पापा पावसाळा बघतील असं त्यांना वाटत नाही. पायांची सूज पोटावर चढलीय. म्हणून मी परसात मांडव घालायला घेतलाय. मयत तिथेच ठेवायचं, नऊ रात्रींची प्रार्थनाही तिथेच. सगळी वाडी लोटणार, त्यांना काय आंब्याखाली उभं करू? ताडाची पानं उतरत्या चंद्रातच तोडावी लागतात, नाहीतर कीड धरते. म्हणजे आत्ताच, नाहीतर पुढच्या महिन्यात, आणि तेवढा वेळ आहे की नाही कोण जाणे.

पापांनी खाटेवरून कुऱ्हाडीचा आवाज ऐकला आणि विचारलं, काय चाललंय. माझ्या तोंडून निघून गेलं, की आपल्या निदियाचं लग्न इथे करायचं ठरलंय. तुझ्या लेकीला न विचारता तिला उजवून टाकलं, रागावू नकोस. तेव्हापासून पापा दोन घास जास्त खातायत.

लोभ आहेच. शिव्या पाठवल्यास तरी चालतील.

तुझा कासिमिरो


सांतो दोमिंगो,
९ फेब्रुवारी

चि. कासिमिरोस,
अ. आ. (द्यावेसे वाटत नाहीत, तरी देते.)

जिवंत माणसाच्या उशाशी त्याच्या मयताचा मांडव? चाळीस वर्षं पापांनी अख्ख्या पंचक्रोशीचे मांडव घातले. डोळे गेले, कान शाबूत आहेत. त्यांना कळलं आणि त्यांनी हाय खाल्ली, तर तूच त्यांना मारलंस असं मी जन्मभर म्हणेन. खांब उपट.

मला यायचंय रे. पण मी अवचित पिशवी घेऊन दारात उभी राहिले, तर त्यांना लगेच समजेल. म्हणून इथे शिलाई मशीनवर बसून रडतेय. निदिया विचारते, नवरा निदान दिसायला बरा आहे ना.

राग आहे, पण लोभ त्याहून जास्त आहे.

तुझी ताई


लोमा बोनिता,
१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

खांब उपटले नाहीत आणि आता पस्तावतोय. पापा रोज नवऱ्याची चौकशी करायचे. मी त्याला आसुआ गावचा ट्रकवाला करून टाकला होता. त्याला अकॉर्डियन वाजवता येतं का, असंही विचारून झालं. नाही म्हणायचा धीर झाला नाही.

काल मी भिंतीकडची बाजू, जिथे मयताचं डोकं यायचं, पानांनी बंद करत होतो. सळसळ कुठून येते ते ऐकून पापांनी हाक मारली. म्हणाले, लग्नाचा मांडव नाचायला चारी बाजूंनी मोकळा ठेवतात. भिंतीकडची बाजू कधी बंद करतात, ते मी त्यांना शिकवणार का? तेव्हापासून त्यांनी अन्नाला हात लावलेला नाही. ताई, तू म्हणालीस तेच झालं. मला भीती वाटतेय. काय करू, ते लगेच कळव.

कासिमिरो


लोमा बोनिता,
१८ फेब्रुवारी

चि. ओर्फेलिनास,
अ. उ. आ. अक्षर कासिमिरोचं, बोलणं माझं.

दोन दिवस उपाशी राहिलो तो रागाने. मरणाचा राग नाही, त्याची तयारी कधीच झालीय. मला न विचारता मांडव घातला, आणि तोही असा! मला खुर्चीत घालून परसात न्यायला लावलं. खांब चाचपले. माझ्याच मांडवाचा खांब वाकडा? तो परत पुरून घेतला. पुढचे दोन खांब तर इतके जवळ, की चौघं माझी शवपेटी खांद्यावर घेऊन निघाले तर कोपरं सोलून निघतील. दोन विती लांब करायला लावले. हा लिहिता लिहिता रडतोय, कागद भिजला तर मला दोष देऊ नकोस.

भिंतीकडची बाजू मी उघडून ठेवलीय. ती नंतर बंद करा. निदियाला घेऊन ये. तो ट्रकवाला नको. अकॉर्डियनवाला मी सांगून ठेवलाय.

रविवारी दुपारपासून मी त्या दोन खांबांपाशी बसणार आहे. मला तिथून नेतील तेव्हा तू रडशील, ते तुझं तू बघ. त्याआधी तिथून तू आत येताना तुझ्या चपलांचा आवाज मला ऐकायचाय.

पापा