जिवंत बाईचे भूत

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ता. ४ ऑगस्ट १९३१

ती. अण्णाराव काकांस सिद्धारामाचे कृतानेक शरणार्थी, वि. वि.

माझी भुताची गोष्ट मासिकात छापून आली! आधीच्या तीन साभार परत आल्या होत्या. संपादकांनी लिहिले होते की सांगाडे आणि किंकाळ्या पुरे, त्यांना आता कुणी भीत नाही. तुम्हीही लिहिले होते, ओळखीचे माणूस घाल. म्हणून आपल्या गावची सुईण सावित्रम्मा घेतली. बाळंतिणीला हात लावण्याआधी ती शेगडीवर हात शेकते, ते तसेच लिहिले. गोष्टीत मात्र हात गारच राहतात. मूल जन्मल्यावर कळते की सावित्रम्मा सकाळीच वारली होती. नाव बदलून पाहिले, पण धार जाते. तेच ठेवले. अंक सोबत आहे.

जगदेवीला सातवा लागला. बाळंतपणाला ती बार्शीला माहेरी जाईल. लोभ आहेच, तो वाढावा.

सिद्धाराम


बोरहळ्ळी, ता. १९ ऑगस्ट

चि. सिद्धाराम यास अनेक आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले; मनात राग आहे.

अंक आला तसा मी न वाचताच मठात नेला. पुतण्याचे नाव छापलेले, केवढा मिरवलो! मास्तरांनी मोठ्याने वाचले. दुसऱ्या दिवसापासून बायका सावित्रम्माच्या तोंडाकडे पाहत नाहीत, पायांकडे पाहतात, उलटे आहेत का म्हणून. परवा ईरप्पाची सून अडली. सावित्रम्माचे घर त्याच्या घराला लागून. पण त्याने गाडी जोडून परगावची सुईण आणली. ती येईपर्यंत पोर दीड दिवस तळमळली. जगली, ही शिवाची कृपा. ईरप्पाला जाब विचारला तर म्हणतो, छापलंय ते खोटं आसंल व्हय?

अरे, तू पायाळू. तुझी आई आणि तू, दोघांना हातची जाऊ न देणारी हीच बाई. जिवंत माणसाचे भूत केलेस! आपल्यात तर माणूस गेले की लिंगैक्य झाले, शिवात मिळाले म्हणतात. त्याला भटकत ठेवायचा अधिकार तुला कुणी दिला? ओळखीचे माणूस घाल म्हणालो, ती चूक माझी. नावगाव घाल म्हणालो नव्हतो.

उत्तर लवकर दे.

अण्णाराव


सोलापूर, ता. २७ ऑगस्ट

ती. काकांस कृतानेक शरणार्थी, वि. वि.

रागाचे पत्र पोचले. पण यात माझा गुन्हा कोणता? गाव अडाणी, त्याला लेखक काय करणार? खरे सांगू, ईरप्पा घाबरला हे वाचून थोडा आनंदच झाला. गोष्ट उतरली म्हणायची. पुस्तक निघाले तर नाव बदलीन. संपादक आणखी एक मागतात. याहून भयंकर काय लिहू, सुचवावे.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

सिद्धाराम


बोरहळ्ळी, ता. ४ सप्टेंबर

चि. सिद्धाराम यास आशीर्वाद.

सुचवावे म्हणतोस? ऐक तर. मी अंक घेऊन सावित्रम्माकडे गेलो आणि सगळी गोष्ट तिला वाचून दाखवली. तिला अक्षर येत नाही. गाव आपल्याला का चुकवते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. ऐकून हसली. म्हणाली, पोरगं ल्हानपणापासनं लबाड हाय, पण ह्याला भ्यायचं काय? मेल्यावर बी बोलावणं आलं आन् मी गेले, ही तर लई चांगली गोष्ट झाली की. मग पदराने तोंड पुसले. म्हणाली, भ्या दावायचं आसंल तर आसं ल्ही म्हणावं: बाई जिती हाय, शेजारची सून वरडतीया, ही दारात हुबी, आन् हिला कुणी हाक मारंना.

मी अंक मिटून ठेवला. तुला भीतीचे धडे देणारा मी! मात्र हे लिहून छापायला पाठवलेस तर माझा उंबरा चढू नकोस. तिला गोष्ट नको आहे.

अण्णाराव


सोलापूर, ता. १० सप्टेंबर

ती. काकांस कृतानेक शरणार्थी, वि. वि.

तुमचे पत्र जगदेवीला दाखवायचे नाही असे मी ठरवले होते. तिनेच ते उघडून वाचले आणि बार्शीला जायचे रद्द केले. बाळंतपण बोरहळ्ळीला, सावित्रम्माच्याच हातून, असे तिने माहेरी कळवूनही टाकले. सासरे संतापले आहेत. तिची अट एकच: सावित्रम्माला बोलवायला गडी जायचा नाही, तुम्हीही नाही. मी जायचे, भर बाजाराच्या दिवशी, सगळ्यांदेखत.

सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही येतो. स्टेशनवर बैलगाडी पाठवावी. दुसरी गोष्ट मिळणार नाही, असे संपादकांना कळवले.

काका, तीन वर्षे मी लोकांना घाबरवायला शिकतो आहे. आता डोळ्यांपुढे एकच येते: मी तिच्या दाराशी उभा राहून हाक मारतो, सगळा बाजार पाहतो आहे, आणि आतून ती ओ देत नाही.

समोर आलो की हवे तितके बोलावे, पण अंतर देऊ नये.

आपला
सिद्धाराम