आधी तडजोड, मग बिलं

३ मार्च, सकाळ
गोदामात शिडीवरून पडलो त्याला आज पाच महिने. डाव्या हाताने लिहायची सवय झाली, अक्षर मात्र डॉक्टरांसारखं. उजव्या हातात प्लेट आहे, वर्षअखेर ती काढावीच लागेल म्हणतात. उद्या विमा कंपनीचा अधिकारी घरी येतोय. एकरकमी पैसे घ्यायचे, क्लेम मिटवायचा. मेहुण्याने वकिलाचा नंबर दिला. तो बूट घेतानाही वकिलाला विचारेल. मी पदवीधर आहे, मला वाचता येतं.

३ मार्च, दुपार
हॉस्पिटलची न भरलेली अकरा बिलं तारखेप्रमाणे फाइलला लावली. एक स्वतःहून बाद केलं. तपासणीला गेलो तेव्हा कानातला मळही काढून घेतला होता. कान काही शिडीवरून पडला नव्हता. उरली दहा. बायको म्हणाली, तो आला की आधी फाइल हातात दे, मग पाणी.

४ मार्च, ११.४०
अधिकारी अगदी सज्जन. आकडा अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. समोरचा एवढं देत असताना वर बिलं पुढे करायची म्हणजे बोट दिलं की हात धरण्यातला प्रकार. मी हावरट आहे का? प्रामाणिकपणे विचार केला. नाही. फाइल गादीखाली सरकवली. आधी तडजोड, मग बिलं. करारनामा आठ पानी, शब्द न् शब्द वाचला. 'झालेल्या व होणाऱ्या सर्व उपचारांच्या खर्चासह ही रक्कम अंतिम.' म्हणजे बिलं त्यांच्या ध्यानात आहेत. सही केली. जाताना म्हणाला, तुमच्यासारखी माणसं आम्हाला फार कमी भेटतात.

४ मार्च, संध्याकाळ
बायको कामावरून आली. फाइल दिली का, विचारलं. म्हटलं, संकोच वाटला. बराच वेळ माझ्याकडे नुसती बघत राहिली. कौतुक असावं.

१९ मार्च
रक्कम जमा. बिलं रजिस्टर पोस्टाने रवाना, सोबत आभाराचं पत्र.

२ एप्रिल
बिलं परत आली. पत्र ठेवून घेतलंय. नजरचूक असणार. उद्या समक्ष जातो.

३ एप्रिल, दुपार
अधिकाऱ्याने ओळखलं, खुर्ची दिली. म्हणाला, "साहेब, सहीच्या आधी दाखवली असती तर हॉस्पिटलचं आम्ही वेगळं भरलं असतं. आता सगळं तुमच्या रकमेतून."
मी म्हटलं, आधी मागणं बरं दिसलं नसतं.
"आम्हाला चाललं असतं," तो म्हणाला.

४ एप्रिल
मेहुण्याच्या वकिलाला कागद दाखवला. शेवटचं पान वाचून त्याने फी घेतली नाही. मला हे लक्षण चांगलं वाटलं. मेहुण्याला वाटलं नाही.

७ एप्रिल
बायको स्वतः हॉस्पिटलच्या बिल काउंटरवर उभी राहिली. घासाघीस करू लागली. मी म्हटलं, उपचार घेतलेत, घासाघीस नीतीला धरून नाही. तिने मला बाहेरच्या बाकावर बसवलं. तासाभराने आली. चार बिलं निम्म्यावर आणली, सगळी भरून टाकली. कानाचंसुद्धा. मग डॉक्टरांकडून प्लेट काढण्याचा खर्च लिहून घेतला आणि खात्यातली शिल्लक त्याच्याशेजारी लिहून कागद माझ्या हातात दिला.
दोनदा ताडून पाहिलं. भूल देण्यापुरते पैसे आहेत. प्लेट काढण्यापुरते नाहीत.